सेवेच्या पाटीमागे काय चालते? वृद्धाश्रमांच्या परवान्याचा प्रश्न आपला का आहे

वडापावच्या गाडीला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. नंबर घ्यावा लागतो आणि तो गाडीवर दिसेल असा लावावा लागतो. रिक्षा चालवायला परमिट लागते, बॅज लागतो. केस कापायचे दुकान टाकायचे तरी दुकानाची नोंद करावी लागते. पण शहराबाहेर एखादा बंगला भाड्याने घ्या, त्यात चाळीस खाटा टाका, अंथरुणाला खिळलेल्या आणि विस्मरण झालेल्या चाळीस म्हाताऱ्या माणसांना त्यात ठेवा, त्यांच्या मुलांकडून डिपॉझिट आणि दरमहा पैसे घ्या आणि दारावर 'सेवा' असे लिहा. या कामासाठी परवाना घ्यायला लावणारे कलम ज्येष्ठांसाठी म्हणून केलेल्या केंद्रीय कायद्यात नाही.

तो कायदा म्हणजे आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७. त्यात मुलांनी आई-बापांना पोसावे यासाठी न्यायाधिकरण आहे, दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाह भत्त्याची तरतूद आहे, म्हाताऱ्याला वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. म्हणजे पोरगा नीट वागला नाही तर कायदा त्याच्या दारात येतो. पण पोराने आईला ज्या संस्थेच्या स्वाधीन केले ती संस्था आईशी कशी वागते, हे पाहायला हा कायदा कोणाला पाठवत नाही.

आता आमचेच काही मित्र विचारतील की हा आपला प्रश्न कधीपासून झाला? वृद्धाश्रम म्हणजे पोरे अमेरिकेत असलेल्या सदाशिव पेठेचा आणि विलेपार्ल्याचा प्रश्न. आपल्याकडे म्हातारी माणसे घरातच राहतात, खोली दहा बाय दहाची असली तरी राहतात. अट्रॉसिटी, खाजगीकरण, शिष्यवृत्ती हे सगळे सोडून हे कुठे मध्येच?

आम्ही या मित्रांना तीन म्हाताऱ्यांकडे पाहायला सांगू. तिघेही या राज्याचे नागरिक आहेत.

पहिला म्हातारा पैसेवाला. त्याच्यासाठी बिल्डर 'सीनियर लिव्हिंग' आणि 'असिस्टेड लिव्हिंग'चे प्रकल्प बांधतो. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये अशा निवृत्ती-गृहांसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वे काढली. महारेराने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी किमान निकष घालून दिले. दार किमान ९०० मिलिमीटर रुंद हवे, म्हणजे व्हीलचेअर आत जाईल. दाराला गोल मूठ चालणार नाही, सहज दाबता येईल असे हँडल हवे. एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट हवी. चांगलेच आहे, आमची तक्रार नाही. पण लक्षात घ्या, या म्हाताऱ्याच्या दाराची रुंदी सरकारने मिलिमीटरमध्ये मोजली.

दुसरा म्हातारा मधला. गिरणीतून, एसटीतून, नगरपालिकेतून, शाळेतून निवृत्त झालेला. मुले दुसऱ्या शहरात कंत्राटी नोकरीवर, घरात माणूस नाही, पडून खुब्याचे हाड मोडलेले. त्याच्यासाठी तो भाड्याचा बंगला आहे. याच्या खाटेशेजारी किती जागा आहे, रात्री त्याला लघवीला कोण नेते, हे कोणी मोजत नाही. २००७ च्या कायद्याखालच्या नमुना नियमांत दर माणशी झोपायला साडेसात चौरस मीटर जागा असावी असे लिहिलेले आहे खरे, पण ते सरकारने कलम १९ खाली स्थापन केलेल्या निराधारांच्या वृद्धाश्रमासाठी. खाजगीवाल्यावर ते बंधन नाही.

तिसरा म्हातारा आपला. नाक्यावर काम करून थकलेला, पेन्शन नाही, पीएफ नाही, श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार, तेही कधी चार महिन्यांनी एकदम. मुले ऊसतोडीला गेली की सहा महिने गावात म्हाताऱ्याला भाकरी टाकायला कोणी नाही. तो शहरात येऊन स्टेशनवर किंवा विहाराच्या, मंदिराच्या, दर्ग्याच्या पायरीवर बसला, तर त्याच्यासाठी मात्र कायदा आहे. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९. पोलीस त्याला उचलू शकतात आणि पहिल्याच खेपेला न्यायालय त्याला एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात डांबू शकते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याची भीक मागणे हा गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. जिथे तो जन्मला त्या महाराष्ट्रात तो उभा आहे.

तर एकाच्या दाराची रुंदी मोजली जाते, दुसऱ्याकडे पाहायला कोणी येत नाही आणि तिसऱ्याला गुन्हेगार म्हणून पकडले जाते. वर्ण कसा चालतो हे शिकवायला आता पोथीची गरज उरलेली नाही.

आणि या तिसऱ्या म्हाताऱ्यासाठी २००७ च्या कायद्यात एक जागा ठेवलेली आहे. कलम १९ म्हणते की राज्य सरकार टप्प्याटप्प्याने, सुरुवातीला प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम स्थापन 'करू शकेल'. 'करील' नाही, 'करू शकेल'. या एका क्रियापदावर सरकारे तरली आहेत. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे धरले तर गणित ५,४०० खाटांचे होते, आणि २०११ च्या जनगणनेत राज्यात साठीच्या पुढची माणसे एक कोटी दहा लाखांच्या आसपास होती. म्हणजे कायदा पूर्ण पाळला तरी दोन हजार म्हाताऱ्यांमागे एक खाट. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये अश्वनी कुमार खटल्यात केंद्राला सांगितले की प्रत्येक राज्याकडून जिल्हावार वृद्धाश्रमांची संख्या मागवा. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला 'आधी मोजा तरी' असे सांगावे लागते, यावरून व्यवहार कळतो. नोंदणीच नाही तर मोजणार काय?

सरकारला नोंदणी करता येत नाही असे मात्र नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ पाहा. मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी न केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. तपासणी समित्याही कायद्यातच आहेत. दिव्यांगांच्या संस्थांना २०१६ च्या कायद्याने नोंदणी प्रमाणपत्र लागते. मानसिक आरोग्य संस्थांना २०१७ च्या कायद्याने लागते. सतरा वर्षांच्या मुलाला ठेवायचे तर परवाना हवा, सत्याहत्तर वर्षांच्या बाईला ठेवायचे तर भाडेकरार पुरे. मुले तरी रडून ओरडून सांगतात. विस्मरण झालेल्या बाईला कालचे जेवण मिळाले की नाही हेच आठवत नसेल तर ती कोणाला काय सांगणार?

आणि प्रश्न विचारायला गेलात तर संस्थाचालकाकडे उत्तर तयार असते. आरोग्य खात्याचा माणूस आला की तो म्हणतो, आम्ही शुश्रूषागृह नाही, आश्रम आहोत. पालिकेचा आला की म्हणतो, हे तर राहते घर आहे. धर्मादाय आयुक्तांचे नाव काढले की ट्रस्टचे लेखापरीक्षण पुढे करतो. लेखापरीक्षणात किती किलो तांदूळ आला हे दिसते, तो कोणाच्या ताटात गेला हे दिसत नाही. पाठीला झालेली जखम तर कुठल्याच वहीत दिसत नाही.

केंद्राने डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आणले होते. त्यात ज्येष्ठांच्या निवासी संस्थांना नोंदणी आणि किमान मानके होती, घरी येऊन सेवा देणाऱ्या एजन्सींचीही नोंदणी होती. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला आणि मग करोना, निवडणुका, नवे संसद भवन. सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिच्यासोबत संपले. याच काळात कोणकोणती विधेयके एका दुपारी मंजूर झाली ते आठवून पाहा. हाच प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापर्यंतही गेलेला आहे.

परवाना नसल्याने काय होते? जून २०२५ मध्ये नोएडातल्या एका वृद्धाश्रमावर उत्तर प्रदेश राज्य महिला आयोग आणि पोलिसांनी धाड टाकली. ३९ वृद्धांना तिथून बाहेर काढायचे ठरले. एका आजीचे हात बांधलेले होते, काही जण कोंडलेले होते. पैसे भरून ठेवलेली ही माणसे होती, फुकटातली नव्हती. हे उघडकीला कसे आले? व्हिडिओ पसरला म्हणून. कोणी निरीक्षक ठरल्या दिवशी तपासणीला गेला आणि त्याला दिसले, असे झाले नाही. ज्या वृद्धाश्रमातून व्हिडिओ बाहेर आला नाही, तिथे सर्व ठीक आहे असे आपण समजायचे.

आमच्या वस्तीतल्या कितीतरी बाया अशा ठिकाणी कामाला आहेत. त्यांना तिथे 'मावशी' म्हणतात. बारा तासांची पाळी, ब्युरोवाल्याचे कमिशन कापून हातात येणारा पगार, हजेरीची वही आहे पण पगाराची पावती नाही. रात्री एका मजल्याला एक मावशी. ती एकाला उलटे करते तोवर दुसरा खाटेवरून पडतो. पडला की रागावणे मावशीला, पोलीस केस झाली तर नावही मावशीचे. किती खाटांमागे किती माणसे ठेवायची हे मालकाने ठरवले, पण कागदावर कुठे लिहिलेले नसल्याने मालक मोकळा. म्हणून जे म्हणतात की वृद्धाश्रम आपला प्रश्न नाही, त्यांना आम्ही सांगतो की वृद्धाश्रमाचे मूत्रपात्र आपली आई धुते. खाटेवर झोपणारे कोण हे क्षणभर बाजूला ठेवा. परवान्यात दर पाळीला किती कर्मचारी, त्यांना किमान वेतन मिळते की नाही, हे आले की पहिला फायदा तिला होतो.

मुद्द्याचे बोलायचे तर वृद्धाश्रम तपासणीतून सुटतो तो 'सेवा' या शब्दामुळे. जो उपकार करतो त्याच्याकडे हिशेब कसा मागायचा, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. नेत्याचा वाढदिवस आला की वृद्धाश्रमात फळवाटप. केळे हातात दिलेला फोटो, फोटोत आजी हसते आहे. फोटो काढणाऱ्यांपैकी कोणी स्वयंपाकघरात डोकावत नाही, संडासाचे दार उघडून पाहत नाही. दान देणारा खूश, दान घेणारी गप्प, मधला ट्रस्टी पूजनीय.

ही रचना बाबासाहेबांनी १९३२ मध्येच ओळखली होती. पुणे करारानंतर सप्टेंबरअखेर मुंबईत अस्पृश्यता निवारणासाठी संस्था निघाली. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, ठक्करबाप्पा चिटणीस. पुढे हाच हरिजन सेवक संघ झाला. बाबासाहेब नोव्हेंबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी बोटीने निघाले होते. त्या प्रवासात त्यांनी ठक्करांना लांबलचक पत्र लिहिले. एकेका माणसाच्या सुधारणेवर पैसा घालवण्यापेक्षा नागरी हक्कांसाठी, समान संधीसाठी झगडा, असा त्याचा आशय. संघ त्या वाटेने गेला नाही. पुढे संघाच्या कारभारात अस्पृश्यांचे प्रतिनिधी घ्या अशी मागणी झाली तेव्हा गांधीजींचे म्हणणे असे की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, ते त्यांनीच करायचे. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी या संघाची चिरफाड केली आहे. प्रायश्चित्त करणाऱ्याला स्वतःच्या पुण्याशी कर्तव्य असते. ज्याच्या नावाने तो ते करतो तो माणूस कारभारात कुठेच नसतो.

आजच्या वृद्धाश्रमाच्या विश्वस्त मंडळात राहणाऱ्यांपैकी किती जण असतात? तक्रार करायची तर ती ट्रस्टीकडे, आणि तक्रार त्याच्याच विरुद्ध. जेवणात काय असावे, कुठला देव भिंतीवर असावा, संध्याकाळी कुठली आरती व्हावी हे दाता ठरवतो. जातीच्या, समाजाच्या नावाने चालणारे वृद्धाश्रम आहेत. ते असावेत की नसावेत हा वेगळा वाद. पण बाकीच्या, 'सर्वांसाठी' म्हणवणाऱ्या संस्थांनी प्रवेश कोणाला दिला आणि कोणाला नाकारला, याची नोंद ठेवायला कोणी सांगत नाही. आयुष्यभर सुकट-बोंबील खाल्लेल्या आजीला शेवटची दहा वर्षे दात्याच्या सात्त्विक आहारावर काढावी लागतात आणि तिने त्याबद्दल आभार मानायचे असतात. ही बाब किरकोळ वाटते त्यांनी स्वतःचे ताट दुसऱ्याच्या हाती देऊन पाहावे.

परवान्याला विरोध करणारे दोन गोष्टी सांगतात. पहिली, इन्स्पेक्टर राज येईल, हप्ते सुरू होतील. येईल. आपल्याला सरकारी निरीक्षकाबद्दल भाबडेपणा नाही. मागासवर्गीय वसतिगृहाची तपासणी कशी होते, आदल्या रात्री चादरी कशा बदलतात, हे इथल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाहिले आहे. म्हणूनच नुसता परवाना पुरेसा नाही. हप्ता चालतो तो अहवाल फाइलीत राहतो म्हणून. अहवाल दारावर लावा, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाका, निरीक्षकाचे नाव आणि तारीख टाका. भेटायला आलेली मुलगी तो वाचेल आणि आतली परिस्थिती पाहील. कागदावर 'समाधानकारक' आणि आत दुर्गंधी असेल तर प्रश्न मालकाला नाही, सही करणाऱ्याला विचारला जाईल. इंग्लंडमध्ये केअर होमची तपासणी करणारा आयोग अहवाल प्रसिद्ध करतो आणि संस्थेला मिळालेली श्रेणी संस्थेतच दिसेल अशी लावावी लागते. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही, पण निदान भांडायला कागद आहे.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले होते आणि स्वतः खाणीत उतरले होते. मालकाच्या ऑफिसात बसून चहा घेत अहवाल ऐकता आला असता. तपासणी म्हणजे काय याची आमची व्याख्या ही आहे.

दुसरी गोष्ट सांगतात ती जास्त खरी आहे. कडक नियम लावले तर लहान, प्रामाणिक, उधारीवर चालणारे वृद्धाश्रम बंद पडतील आणि म्हातारी माणसे रस्त्यावर येतील. अशी माणसे आहेत, स्वतःच्या घरात दहा जणांना सांभाळणारी, आणि त्यांना बिल्डरच्या मापाने मोजणे अन्याय होईल. म्हणून नोंदणी सगळ्यांना आणि लगेच, मानके मात्र खाटांच्या संख्येप्रमाणे, सुधारायला मुदत देऊन, आणि गरिबांना फुकट ठेवणाऱ्याला सरकारने दर माणशी अनुदान द्यावे. बंद करायची वेळ आलीच तर राहणाऱ्यांची दुसरीकडे सोय केल्याशिवाय कुलूप लावायचे नाही, हे कायद्यातच हवे. पण 'आम्ही चांगले आहोत, म्हणून आम्हाला तपासू नका' हे कोणाचेही ऐकायचे कारण नाही. चांगल्या संस्थेला तपासणीत गमावण्यासारखे काय आहे?

काय जाहीर व्हावे? मालक किंवा ट्रस्ट कोण, मंजूर खाटा किती आणि प्रत्यक्ष माणसे किती, दरमहा फी आणि डिपॉझिट किती व ते परत कधी मिळते, दिवस-रात्र पाळीला कर्मचारी किती, डॉक्टर कधी येतो, शेवटची तपासणी कधी झाली, तक्रारी किती आल्या आणि त्यांचे काय झाले. मृत्यूंची संख्याही. वृद्धाश्रमात मृत्यू होणारच, नुसत्या आकड्यावरून कोणाला दोषी धरता येणार नाही, पण एका महिन्यात आकडा दुप्पट झाला तर कोणीतरी जाऊन पाहायला हवे. राहणाऱ्यांची नावे, आजार यातले काहीही जाहीर करायचे नाही. खाजगीपणा त्यांचा, संस्थेचा नाही. आणि देखरेख समितीवर राहणाऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी, एक काम करणारी मावशी, अनुसूचित जाती-जमातीतील सदस्य. संविधानाचे कलम ४१ वार्धक्यात सार्वजनिक साहाय्याबद्दल बोलते. साहाय्य सार्वजनिक असेल तर त्याचा कागदही सार्वजनिक हवा.

महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिकांचा विषय सामाजिक न्याय विभागाकडे आहे. ज्या जिल्हा कार्यालयात आपण शिष्यवृत्ती आणि वसतिगृहासाठी चपला झिजवतो, तिथेच सहायक आयुक्त, समाज कल्याण बसतात. १९९५ च्या युती सरकारच्या काळात सुरू झालेल्या मातोश्री वृद्धाश्रम योजनेची फाइलही याच विभागात. म्हणजे नवीन दार शोधायचे नाही.

दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. विचारा: कलम १९ खालचा १५० जणांचा वृद्धाश्रम या जिल्ह्यात आहे का, असल्यास आज त्यात किती जण राहतात, त्यात अनुसूचित जाती-जमातीचे किती. अनुदान घेणाऱ्या संस्था कोणत्या, गेल्या तीन वर्षांत प्रत्येकीची तपासणी किती वेळा झाली, अहवालांच्या प्रती द्या. अनुदान न घेणाऱ्या वृद्धाश्रमांची यादी कार्यालयाकडे आहे का. 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देतील, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ती पळवाट रुंदच केली आहे. म्हणून नावे मागू नका, आकडे आणि अहवाल मागा. संस्था म्हणेल की आम्ही खाजगी. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या निकालात सांगितले आहे की सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या स्वयंसेवी संस्थाही माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात. तो निकाल अर्जाला जोडा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील.

जयंतीला तुमचे मंडळ फळे घेऊन वृद्धाश्रमात जाणार असेल तर जरूर जा. केळी देऊन झाल्यावर रात्रपाळीला किती जणी असतात ते विचारा, आणि मावशींना वेगळे भेटून पगार किती मिळतो ते विचारा. आम्ही जिल्हावार यादी करायला घेतली आहे. अर्जाचे उत्तर आले, नाही आले, दोन्ही कळवा.